चार जोड

नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं जोड तपासले. हायड्रॉलिक होजच्या, म्हणजे दाबाखालचं तेल वाहणाऱ्या रबरी नळीच्या, टोकाला धातूचं फिटिंग बसवतात, क्रिम्पिंग मशीनमध्ये ते दाबलं जातं आणि मग तो नग माझ्या टेबलावर यायचा. व्हर्निअर लावून माप घ्यायचं, आत धातूची बर, म्हणजे कडेची खरखरीत धार, राहिली आहे का बघायचं, प्रेशर द्यायचं आणि थांबायचं. होज मधेच फुटलेली मी फार थोड्या वेळा पाहिली. गळायची ती जोडाशी. म्हणून गेल्या वर्षी सर्जन मला म्हणाले, "काका, हृदयावर तीन-चार जोड करावे लागतील," तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "जोड कशाने करणार?"

दुखण्याची सुरुवात पांडवलेण्यांच्या पायऱ्यांवर झाली होती. निवृत्तीनंतर दर रविवारी सकाळी मी सिडकोतून चालत निघून लेण्यांपर्यंत चढायचो. जानेवारीत एका रविवारी अर्ध्या वाटेत छातीवर कोणीतरी पाटा ठेवल्यासारखं झालं, जबडा जड झाला. पाच मिनिटं बसलो, गेलं. पित्त समजून दोन महिने घालवले. चौदा वर्षांचा मधुमेह असलेल्या माणसाने असं करायला नको होतं, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. शेवटी मुलगी एक दिवस कामावर न जाता मला घेऊनच गेली. ती गोळे कॉलनीत औषधांच्या होलसेल दुकानात हिशेब बघते, त्यामुळे हृदयाच्या गोळ्यांची नावं तिला तोंडपाठ.

ट्रेडमिलची तपासणी तीन मिनिटांत थांबवली गेली. दुसऱ्या दिवशी उजव्या मनगटातून अँजिओग्राफी. मी टेबलावरच होतो आणि बाहेर मुलीला सांगितलं गेलं, तिन्ही नळ्या खराब आहेत, आत्ताच स्टेंट, म्हणजे नळी उघडी धरणाऱ्या जाळ्या, टाकून घेऊ, सही करा. तिने एकच विचारलं, "आज नाही टाकले तर आज काही होईल का?" उत्तर आलं, आज नाही, पण परत टेबलावर घ्यावं लागेल. तिने सही केली नाही. सीडी घेतली आणि मला घरी आणलं. त्या संध्याकाळी मी तिच्यावर चिडलो होतो. दोन दिवस नीट बोललो नाही. आज ते आठवलं की तिच्या धैर्यापुढे मान खाली जाते.

सर्जन भेटले ते दुसऱ्या रुग्णालयात. त्यांनी सीडी दोनदा पाहिली. डाव्या बाजूची समोरची मोठी धमनी सुरुवातीलाच नव्वद टक्के अरुंद, बाजूची ऐंशी टक्के, उजवी पूर्ण बंद. ते म्हणाले, मधुमेह आणि तिन्ही नळ्यांचा आजार एकत्र असेल तर बायपासच जास्त टिकतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रीडम नावाच्या अभ्यासात अशा एकोणीसशे मधुमेही रुग्णांमध्ये बायपास आणि स्टेंटची तुलना झाली होती. बायपास झालेल्यांमध्ये मृत्यू आणि हार्ट अटॅक दोन्ही कमी निघाले. "पण," ते थांबून म्हणाले, "अर्धांगाचा झटका मात्र बायपासवाल्यांमध्ये थोडा जास्त होता. हे तुम्हाला सांगितलं नाही तर ते अर्धवट सांगणं होईल."

त्यासाठीच त्यांनी सीटी स्कॅन करून घेतला. हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचलेलं दिसलं, चुन्याचे पापुद्रे धरावेत तसं. नेहमीच्या बायपासमध्ये पायातली शीर काढतात, तिचं एक टोक महाधमनीला आणि दुसरं अडथळ्याच्या पुढे हृदयाच्या धमनीला शिवतात. महाधमनीला शिवताना तिची एक बाजू चिमट्यात धरावी लागते, मग पंचने साधारण चार मिलिमीटरचं भोक पाडतात. भिंतीत चुना असेल तर चिमट्याच्या दाबाने त्याचा कण सुटतो आणि रक्ताबरोबर थेट मेंदूकडे जाऊ शकतो.

इथे मला माझं क्रिम्पिंग आठवलं. मोबाइलवर मी एक व्हिडिओ पाहिला होता. त्यात यंत्राचा खटका दाबला की धातूची ताऱ्यासारखी कडी उघडते आणि शीर महाधमनीला बसते. चिमटा नाही, सुई नाही, काही सेकंदांत जोड तयार. मी म्हणालो, "डॉक्टर, आमच्याकडे पूर्वी हाताने ब्रेझिंग व्हायचं, धातू वितळवून जोडायचे. क्रिम्पिंग मशीन आलं आणि गळती कमी झाली, हे मी माझ्या रजिस्टरात पाहिलंय. तुम्ही अजून सुईदोऱ्यावर का?" बाहेर पेशंटची रांग होती. ते म्हणाले, "शनिवारी दुपारी या. हे पाच मिनिटांचं बोलणं नाही."

शनिवारी मेव्हणा मला गाडीवरून घेऊन गेला. दिंडोरी तालुक्यात त्याची द्राक्षबाग आहे. बाहेर थांब म्हटलं तरी तो आत येऊन बसला.

डॉक्टरांनी सांगितलं ते माझ्या भाषेत लिहितो. रक्तवाहिनी शिवण्याची आजची पद्धत फ्रान्सच्या अलेक्सिस कॅरेल यांनी १९०२ च्या सुमारास बसवली. बारीक टाका शिकायला ते लियाँ शहरातल्या भरतकाम करणाऱ्या बाईकडे गेले होते. पुढे १९१२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण हृदयाच्या धमनीवरचा माणसातला पहिला बायपास १९६० साली न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट गोएट्झ यांनी केला, तो टाके न घालता, टँटलम धातूच्या कडीवर. रुग्ण साधारण वर्षभर जगला. नंतर १९६४ मध्ये लेनिनग्राडला वासिली कोलेसोव्ह यांनी छातीतली धमनी हाताने शिवून जोडली, आणि १९६७ मध्ये त्यांनीच स्टेपलरसारखं यंत्रही वापरलं. त्याच वर्षी क्लीव्हलंडला रेने फावालोरो यांनी पायाची शीर वापरून जी शस्त्रक्रिया सुरू केली, ती जगभर पसरली. सुईदोरा जुना आणि यंत्र नवं, अशी माझी समजूत होती. हृदयाच्या बाबतीत ती उलटीच निघाली. यंत्र आधीपासून आहे, पुन्हा पुन्हा येतं, आणि तरीही जगातले बहुतेक जोड हातानेच होतात.

मी पाहिलेली ताऱ्याची कडी निटिनॉलची होती, निकेल आणि टायटॅनियमचा मिश्रधातू, वाकवला तरी मूळ आकारात परत येणारा. २००१ च्या सुमारास ती मोठ्या आशेने वापरात आली आणि २००४ मध्ये बाजारातून काढून घेतली गेली, कारण काही महिन्यांतच बऱ्याच रुग्णांचे जोड अरुंद होऊ लागले. कारणं ऐकताना मी वहीत लिहून घेत होतो. कडीचे धातूचे पाय रक्ताच्या वाटेत उघडे राहायचे. शीर यंत्रात भरताना तिचं आतलं नाजूक अस्तर खरवडलं जायचं. आणि शीर महाधमनीतून काटकोनात बाहेर निघायची, त्यामुळे पुढे वळताना मुडपायची.

"पण डॉक्टर, स्टेंटही धातूचाच ना?" मी विचारलं.

"हो. म्हणून तर स्टेंटवाल्याला रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन-दोन गोळ्या महिनोन्‌महिने घ्याव्या लागतात. साधे स्टेंट पुन्हा भरायला लागले, म्हणून औषधाचं लेपन आलं. धातू बाहेरून लागला तर शरीर फार तक्रार करत नाही. तुमच्या धमनीच्या फांद्या बंद करायला मी बाहेरून छोट्या क्लिपा लावणारच आहे. धातू आतून रक्ताला भेटला की रक्त गोठायला कारण मिळतं."

मग त्यांनी क्रिम्पिंगचा मुद्दा घेतला, आणि इथे माझी तीस वर्षं मला कुठे कमी पडली ते कळलं. होजचं बोअर, म्हणजे आतलं माप, ड्रॉइंगमध्ये ठरलेलं असतं. फिटिंगही ड्रॉइंगप्रमाणे येतं. दोन्ही बाजू ठरलेल्या, म्हणून मशीन एकसारखं दाबू शकतं. हृदयावरची धमनी दीड-दोन मिलिमीटरची. एका बाजूने ती चरबी आणि चुन्याने कडक झालेली, तर समोरच्या बाजूने कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. हातात सुई असते तेव्हा सर्जन मऊ जागी टाका जरा लांबून घेतो, कडक जागी बाजूला सरकतो, दोन टाक्यांतलं अंतर डोळ्याने बदलतो. यंत्राला मात्र जागाच त्याच्या मापाची लागते, शीरही त्याच्या जाडीची लागते. दुसरी गोष्ट अशी, की एका वाहिनीचं आतलं अस्तर दुसरीच्या आतल्या अस्तराला भिडलं पाहिजे. बाहेरचा थर मधे आला तर तिथे गुठळी धरते.

हे ऐकून मेव्हणा पहिल्यांदा बोलला. "दाजी, हे आपल्या कलमासारखंच झालं. खुंटाची साल काडीच्या सालीला भिडली तरच डोळा फुटतो. वरून पट्टी कितीही आवळा, साल हुकली की काडी वाळते." डॉक्टर त्याच्याकडे बघून म्हणाले, "बरोबर तेच." परत येताना पूर्ण रस्ताभर मेव्हणा खुशीत होता.

मी इन्स्पेक्शनचा माणूस, एका बाजूचं ऐकून उठणार नव्हतो. "हाताच्या कामात रिजेक्शन कशाने येतं?" त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. दोरा जास्त ओढला तर बटव्याची नाडी ओढल्यासारखा जोड आकसतो. सुई समोरच्या भिंतीतून जाताना मागची भिंतही धरली तर वाटच बंद होते. टाके लांब पडले तर गळतं. जोडणीचा कोन चुकला तर वाहिनी मुडपते. आणि हे सगळं एकाच हाताकडून सकाळी नीट होईल आणि दिवसाच्या चौथ्या तासाला चुकेल, असंही होऊ शकतं. यंत्र थकत नाही, हे त्यांनी मान्य केलं. अमेरिकेत २००५ आणि २००८ मध्ये दोन नव्या यंत्रांना मंजुरी मिळाली, एक हृदयाकडच्या जोडासाठी, एक महाधमनीकडच्या. बरगड्यांमधल्या छोट्या छेदातून किंवा रोबोटच्या साह्याने काम करताना हात आत जात नाही, तिथे अशा यंत्राने मदत झाली आहे. माझ्यासारख्या चुनखडी महाधमनीलाही चिमट्याशिवाय जोड करता येणं हा त्याचा खरा फायदा आहे. म्हणून माझा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता, असं ते म्हणाले. ते ऐकून मला बरं वाटलं.

"मग माझ्या महाधमनीचं काय करणार?"

"तिला हातच लावायचा नाही."

त्यांनी कागदावर आकृती काढली. छातीच्या आत डाव्या बाजूने एक धमनी खाली उतरते. तिचं वरचं टोक मुळात जोडलेलंच असतं, ते तसंच ठेवायचं. खालचं टोक सोडवून समोरच्या मोठ्या धमनीला शिवायचं. हा जोड दहा वर्षांनंतरही दहापैकी नऊ जणांत चालू असतो. पायाच्या शिरेचे तोपर्यंत जवळजवळ निम्मे बंद पडतात. मग डाव्या हातातली मनगटाची धमनी काढायची. उजव्या मनगटातून अँजिओग्राफी झाली होती म्हणून डावी. ती छातीतल्या धमनीच्या बाजूला फांदीसारखी शिवायची, पुढे बाजूच्या धमनीला वाटेत एक जोड, आणि शेवटी मागच्या उजव्या धमनीला एक. चार जोड, चारही हाताने, महाधमनीवर एकही नाही. हृदयही थांबवायचं नाही, धडधडत्या हृदयाचा तेवढाच तुकडा ऑक्टोपस नावाच्या साधनाने स्थिर धरायचा.

मी त्या आकृतीकडे बराच वेळ पाहत राहिलो. आमच्याकडे एखादा जोड सतत गळत असला की आम्ही जास्त चांगलं फिटिंग शोधायचो. एकदा एका जुन्या डिझाइनरने होजचा मार्गच असा बदलला होता की तो जोड लागेनासाच झाला. हे तसंच होतं. यात धोका आहे तोही मी विचारला, कारण सगळा पुरवठा एकाच मुळावर येत होता. ते म्हणाले, म्हणूनच अँजिओग्राफीत त्या मुळाची नळी आधी तपासून घेतली, ती स्वच्छ आहे.

निघताना त्यांनी ड्रॉवरमधून मुदत संपलेलं दोऱ्याचं एक पाकीट दिलं. शिकाऊ डॉक्टर असले दोरे बकऱ्याच्या हृदयावर सराव करायला वापरतात, ते स्वतःही शिकताना रात्री तेच करायचे. घरी येऊन मी माझं जुनं दहापट भिंग काढलं. निळा प्रोलीनचा दोरा, सात-शून्य जाडीचा, म्हणजे पन्नास ते सत्तर मायक्रॉन. आठ-शून्य त्याहून बारीक असतो. दोऱ्याच्या टोकाला पापणीच्या केसासारखी वाकडी सुई. तिला नेढं नाही, दोरा सुईच्या बुडातच बसवलेला, म्हणजे नेढ्यात दुहेरी झालेला दोरा भिंतीतून ओढावा लागत नाही. तीस वर्षांत मी इतकी स्वच्छ बनावट क्वचित पाहिली होती. बायको म्हणाली, आता ते ठेवा आणि जेवायला या. तिचे डोळे लाल होते. माझ्या जोडांच्या नादात मी तिला तीन दिवस काही विचारलंच नव्हतं. त्या रात्री आम्ही उशिरापर्यंत बोलत बसलो.

रक्त पातळ ठेवणारी क्लोपिडोग्रेलची गोळी पाच दिवस आधी बंद झाली, अ‍ॅस्पिरिन चालू राहिली. रक्तासाठी माझ्या जुन्या खात्यातली चार पोरं सेकंड शिफ्टला जायच्या आधी येऊन गेली. ऑपरेशनबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही, सकाळी सात वाजता स्ट्रेचरवर झोपलो आणि नंतर घशात नळी आहे एवढंच कळलं. पहिले दोन दिवस खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची आणि तीन गोळ्यांच्या त्या प्लास्टिकच्या यंत्रात श्वास ओढायचा. दोन गोळ्या वर गेल्या तेव्हा नर्सताईंनी टाळी वाजवली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टर एक कागद घेऊन आले. जोड झाला की वाहिनीभोवती एक छोटा प्रोब धरतात. अल्ट्रासाउंडच्या लहरी प्रवाहाच्या दिशेने आणि उलट जायला किती वेळ घेतात, त्या फरकावरून मिनिटाला किती मिलिलिटर रक्त जातंय ते कळतं. आमची लीकेज टेस्ट जशी, तशी ही त्यांची. प्रवाह विसाच्या खाली आणि पल्सॅटिलिटी इंडेक्स, म्हणजे प्रवाह किती वरखाली होतो त्याचा आकडा, पाचाच्या वर गेला की जोडावर संशय घ्यायचा.

तीन जोडांचे आकडे चांगले होते. चौथ्याच्या, मागच्या उजव्या धमनीच्या ओळीत दोन नोंदी होत्या. पहिली प्रवाह अकरा, इंडेक्स सात. दुसरी प्रवाह चौतीस, इंडेक्स दोन पूर्णांक एक.

"पहिला जोड मला पसंत नव्हता," ते म्हणाले. "टोकाशी एक टाका जास्त ओढला गेला होता. दोरा कापला, जोड उघडला, पुन्हा शिवला. वीस मिनिटं जास्त लागली."

मी काही बोलू शकलो नाही. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या कामावर लाल शिक्का मारला. काही जणांनी त्यासाठी मला शिव्या दिल्या, एकाने वर्षभर अबोला धरला. त्या बेशुद्धीत माझ्याच हृदयावरच्या जोडाला कोणीतरी लाल शिक्का मारला होता, आणि तो मारणारा माणूस तो जोड करणाराच होता. कोणी बघत नव्हतं. छाती बंद करून टाकली असती तर मला काय कळणार होतं? मी त्यांचा हात धरला. मग विचारलं, हा जोड यंत्राने केला असता तर? ते म्हणाले, एकदा सोडलेली कडी काढायची म्हणजे तेवढा धमनीचा भाग खराब होण्याची भीती. टाका कापता येतो.

माझ्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर मला तिथे मिळालं. जोड तपासायला माप आहे, आणि तो नापास झाला तर उघडून पुन्हा करता येतो.

घरी आल्यावरचे दोन महिने सावकाश गेले. छातीचं हाड स्टीलच्या तारांनी बांधलेलं, म्हणून दोन किलोपेक्षा जास्त उचलायचं नाही, कुशीवर झोपायचं नाही. हाताची धमनी आकसू नये म्हणून सहा महिने एक वेगळी गोळी. सकाळी सोमेश्वरच्या बाजूला नदीकाठी चालणं, आधी दहा मिनिटं, मग पंधरा. डाव्या अंगठ्याच्या बुडाशी कातडी बधिर झाली, छातीची डावी बाजूही. आता वर्ष झालं, छातीचं बरंचसं परत आलं, अंगठ्याचं नाही. व्हर्निअर धरला की तो स्पर्श तिथे पोचत नाही, याचं मला वाईट वाटतं. गेल्या महिन्यात सीटी अँजिओग्राफी झाली. चारही जोड उघडे आहेत. चौथ्याची प्रतिमा मी डॉक्टरांना तीनदा फिरवून दाखवायला लावली.

वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर सिन्नरचे एक गृहस्थ होते. त्यांच्या धाकट्या भावाला परवा बायपास सांगितला आहे. त्या गृहस्थांच्या पुतण्याचा मला फोन आला, "काका, मशीनने करायला सांगू का? नवीन असतं म्हणतात." मी त्याला म्हणालो, "आधी विचार महाधमनी कशी आहे. छातीतली धमनी वापरणार का ते विचार. आणि जोड झाल्यावर प्रवाह मोजणार का, आकडा चांगला आला नाही तर काय करणार, हे विचार." त्याने चारही प्रश्न लिहून घेतले. काल रात्री त्याने परत फोन केला. महाधमनी स्वच्छ आहे, छातीतली एक धमनी आणि पायाची शीर वापरणार, हाताने शिवणार. प्रवाह मोजायचा प्रोब त्यांच्याकडे आहे. ऑपरेशन गुरुवारी आहे, मी सकाळी सिन्नरच्या मंडळींबरोबर बाहेर बसणार आहे.